अर्ध्या गालावरचा साबण

शनिवार, १२ ऑक्टोबर

क्रमांक एक,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण हात वळला नाही.

तुझ्या नव्या सिनेमाचं परीक्षण तुझ्याआधी मला कळलं. वाचलं नाही, ऐकलं. आमच्या मुद्रितशोधन खात्यात अजून जुनीच पद्धत आहे: एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापील खर्ड्यावर पेन्सिल फिरवायची. वाचणारा विरामचिन्हंसुद्धा वाचतो. माझ्यासाठी वाचतो तो भोंगा. त्याचा आवाज असा, की खालच्या मजल्यावर यंत्रावरच्या लोकांनाही उद्याचा पेपर आजच ऐकू येतो.

तर काल संध्याकाळी सहा वाजता भोंग्यानं सुरुवात केली. “पहिल्या भागातली चिल्लीपिल्ली हेरमंडळी आता मिसरूड फुटायच्या वयात आली आहेत स्वल्पविराम सिनेमा मात्र तिथल्या तिथेच राहिला आहे पूर्णविराम. आईबाप हेर स्वल्पविराम मुलं हेर स्वल्पविराम आता शेजारीण आणि तिचं मांजरही हेर पूर्णविराम. तिसऱ्या भागात तिकीट फाडणारा हेर निघाला तरी नवल वाटायला नको पूर्णविराम.”

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू? थोडं वाईटही वाटलं तुझ्यासाठी. मग भोंगा म्हणाला, “नवा परिच्छेद.”

“या धुडगुसात एकच प्रसंग खरा आहे पूर्णविराम. थोरली बहीण आईचं गुपित बापाला सांगते पूर्णविराम. बाप दाढी करतो आहे स्वल्पविराम अर्ध्या गालावर साबण तसाच आहे पूर्णविराम. तो वळत नाही स्वल्पविराम आरशातूनच विचारतो स्वल्पविराम अवतरण सुरू आणखी कुणाला माहीत आहे प्रश्नचिन्ह अवतरण पूर्ण. मग तो तिच्या हातात जे ठेवतो स्वल्पविराम ते सांगून मी रसभंग करणार नाही पूर्णविराम. हा प्रसंग ज्यानं पाहिला त्यालाच लिहिता येईल पूर्णविराम. हे आपल्याच घरात स्वल्पविराम आपल्याच थोरल्या बहिणीच्या हातून घडल्याचं लेखकानं मुलाखतीत सांगितलं आहे पूर्णविराम.”

लेखक माझा भाऊ आहे हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक आहे. पहिल्या सिनेमाच्या वेळी मीच पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगत फिरले होते. भोंगा थांबला. “पुढे वाचू का, बाई?”

“वाच की,” मी म्हणाले. “थांबायला काय झालं?”

आता तू विसरला असशील तर उजळणी करून देते. मी बारा वर्षांची, तू नऊ. आपलं हेरखातं. थोरली मी, पण क्रमांक एक तू, नाहीतर तू खेळायलाच यायचा नाहीस. आईच्या शिवणाच्या डब्यात बटणांखाली ते पत्र तू शोधलंस, वाचलं मी. दूरच्या मोठ्या दवाखान्यात दोन वर्षांचं शिक्षण, परत आल्यावर मुख्य परिचारिकेची जागा. आईनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळं पक्कं झालं की सांगणार होती, म्हणजे बाबांना मोडता घालायला वेळ उरला नसता. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा तिच्या दवाखान्यात जाऊन थडकले आणि मोठ्या डॉक्टरांना सांगून तिचं नाव काढून आले. मी तिथेच बाहेरच्या बाकावर होते, कान ठणकत होता म्हणून आईनं सातलाच सोबत नेलं होतं.

संध्याकाळी आईनं आपल्याला स्वयंपाकघरात उभं केलं. “कुणी सांगितलं?” एवढंच विचारलं. तू असा लटलट कापत होतास की तुझी चड्डी ओली झाली. आपल्या खात्याचा नियम एकच होता, पकडलो तर दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मी म्हणाले, “मी.”

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली तू रडत मला सांगितलंस, “ताई, आई जाईल म्हणून भीती वाटली गं, तोंडातून निघून गेलं.” माझा राग तिथेच विरघळला. आई सोडून जाणार म्हटल्यावर नऊ वर्षांचं पोर दुसरं काय करणार?

पण आईचा राग विरघळला नाही. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. औषधं मी देते, नखं मी कापते, चष्म्याची काच मी पुसते. आणि तरी मी तिच्या खोलीत पाऊल टाकलं की ती पलंगाशेजारचा ड्रॉवर लोटून देते. एकतीस वर्षं. बोलत नाही काही, नुसता लोटते.

आणि तू मला सिनेमात फितूर केलंस! वर मुलाखतीत सांगतोस! अरे, केसानं गळा कापायचा तर निदान परक्याचा तरी कापायचास.

मला एकच गोष्ट हवी आहे. आईला फोन कर आणि खरं काय ते सांग. मी सांगून आता उपयोग नाही. ती म्हणेल, चारचौघांत उघडी पडली म्हणून भावावर ढकलते आहे. आजचा पेपर मी लपवला आहे, पण किती दिवस लपवणार?

क्रमांक दोन

ता. क. आमच्या पेपरात तुला दीड तारा छापून आलाय. आमचा समीक्षक सगळ्यांनाच साडेतीन देतो, म्हणून त्याचं नावच साडेतीन पडलंय. तुलाही साडेतीनच दिले होते. छपाईत होतं असं कधीकधी.


गुरुवार, १७ ऑक्टोबर

क्रमांक एक,

पाकीट मिळालं. चार फुकट पास आणि एक ओळ: “ताई, सिनेमा सिनेमासारखा बघ ना.” वा रे वा. माझ्या आयुष्याचा तमाशा आणि पहिली रांग मला फुकट.

आईला फोन मात्र नाही.

लपवाछपवीचा काही उपयोग झाला नाही. रविवारी रेडिओवरच्या बाईंनी तुझ्या सिनेमाची सालं काढली. गाणी उगाचची, पाठलाग लांबलेला, पोरांचे संवाद चाळिशीतल्या माणसानं लिहिल्यासारखे. हे ऐकून मी आवाज जरा मोठा केला, हेही कबूल करते. तेवढ्यात बाई गहिवरल्या. “पण तो फितुरीचा प्रसंग! सख्खी बहीण, श्रोतेहो!” दुसऱ्या पेपरानं तर मथळाच दिला, ‘घरचा भेदी तेवढा अस्सल’. सगळ्यांचं एकमत. सिनेमा टाकाऊ, मी टिकाऊ.

आई पलंगावर बसून ऐकत होती. रेडिओ बंद केल्यावर म्हणाली, “तुझ्याबद्दल होतं का गं ते?”

मी म्हणाले, “हो.”

“त्यानं एवढं चव्हाट्यावर आणायला नको होतं. मी विसरत आले होते.” मग उशी सारखी करत, “तुझं नाव घेतलं नाही मात्र. मनानं मोठा आहे तो.”

हे वाक्य मी कसं गिळलं ते माझं मला ठाऊक. तू मनानं मोठा, मी नाव न घेण्याइतकी वाईट! त्या वेळी तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या तोंडावर अशी दया होती ना, की वाटलं, आता बोलले तर ही दयासुद्धा जाईल.

गेल्या वर्षी तू आठ दिवस येऊन राहिलास तेव्हा मला किती आनंद झाला होता. या सिनेमाचा मधला भाग अडलाय म्हणालास. पहिल्या सिनेमाला मी तुला आपल्या खेळांच्या आठवणी पानंच्या पानं लिहून पाठवल्या होत्या, तेव्हाही मला बरंच वाटलं होतं. म्हणून याही वेळी चहा करत करत सगळं सांगितलं, स्वयंपाकघर, चड्डी, ड्रॉवर. तू वहीत लिहीत होतास. मध्येच विचारलंस, “ताई, तुला माझा कधी राग नाही आला?”

मी म्हणाले, “घाबरलेल्या पोरावर कसला राग?”

तेव्हा तू पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसलास. मला वाटलं, भरून आलं असेल तुला. मी तुझ्या कपात आणखी चहा ओतला.

तुझ्या निर्मात्यानं आमच्या संपादकांना फोन केला म्हणे ताऱ्यांवरून. मंगळवारी दुरुस्ती छापली. भोंग्याला मेमो मिळाला, त्यानं साडेतीनच्या जागी दीड वाचलं असं ठरलं. त्यानं मेमोची घडी घालून खिशात टाकली आणि वाचायला बसला. माझ्याकडे दोनदा बघितलं फक्त.

आई म्हणते, सिनेमा बघायचाच. रविवारी दुपारच्या खेळाला नेणार आहे. तुझे पास वापरणार नाही. त्याआधी फोन कर. अजून वेळ आहे, मी अजूनही तुझी बाजू सांभाळून घेईन. म्हणेन, लहान होता, घाबरला होता.

क्रमांक दोन


सोमवार, २१ ऑक्टोबर

बघून आलो.

सबंध थिएटरात आम्ही दोघी धरून सतरा माणसं. पुढच्या रांगेत पाच-सहा शाळकरी मुली, त्या मांजराला बघून खिदळत होत्या. आईही हसली. पेल्यावर चमचा वाजवून पोरं एकमेकांना इशारा देतात तेव्हा तर मीही हसले, कारण तो इशारा माझा. वाटलं, सोडून द्यावं सगळं. पोरकटपणाच तर आहे.

मग न्हाणीघर आलं. आरसा, साबण, बाप. ती मुलगी बोलली. बापानं आरशातून विचारलं. आणि ज्यानं रसभंग होईल म्हणून साडेतीन गप्प बसला होता, ते बापानं फळीवरून काढून तिच्या हातावर ठेवलं. निळी शिट्टी. कडेला चीर गेलेली.

“ती शिट्टी,” आई म्हणाली. पुटपुटली नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाली. पुढच्या मुलींनी मागे वळून “श्श” केलं.

उरलेला सिनेमा तिनं बघितला नाही, माझ्याकडे बघत बसली. संपल्यावर बाहेरच्या बाकावर टेकली आणि म्हणाली, “ती शिट्टी त्याची होती. महिनाभर गळ्यात घालून हिंडत होता. कान किटले होते माझे. मैदानात सापडली म्हणाला होता.”

आणि मी काय बोलले असेन? मी म्हणाले, “अगं, सिनेमा आहे. दाखवतात काहीबाही.” एकतीस वर्षांची सवय रे! तुझी बाजू घेतल्याशिवाय माझी जीभच वळत नाही.

“आणि साबण?” आई म्हणाली. “ज्या दिवशी ते दवाखान्यात आले, त्या दिवशी अर्धीच दाढी करून आले होते. एक गाल गुळगुळीत, एकावर खुंट, कानाशी साबण वाळलेला. पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला वाटलं, घाईत असतील. म्हणजे दाढी करता करता त्यांना कुणीतरी सांगितलं. आणि तू सातपासून माझ्याजवळ बाकावर होतीस, कानात कापूस घालून.”

मीही बघितला होता तो गाल. बाकावर बसून बघितला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते मी, आणि ही मला दिसली नाही. सत्तरीतल्या बाईनं एका खेळात पकडली.

“म्हणजे तू नव्हतीस,” आई म्हणाली.

“नव्हते.”

“मग ‘मी’ का म्हणालीस?”

“नियम होता आमचा. पकडलो तर दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही.”

“आणि मी कोण होते गं? शत्रुपक्ष?”

मला वाटलं होतं, खरं कळलं की ती मला जवळ घेईल. खरंच सांगते, या वयात मी याच आशेवर जगत होते. तिनं घेतलं नाही. म्हणाली, “एकतीस वर्षं तू मला भलत्याच पोरीवर रागावू दिलंस. नऊ वर्षांचं पोर शिट्टीला भुलणारच. तेव्हा कळलं असतं तर एक थोबाडीत दिली असती आणि विषय संपला असता. तुम्ही दोघांनी मिळून माझी लेक घालवलीत.”

येताना रिक्षात ती तिच्या कडेला बसली, मी माझ्या.

आता तुझं माझं. इतके दिवस मी ज्याला पाठीशी घातलं तो एक घाबरलेला पोरगा होता. आई जाईल म्हणून रडणारा. त्याच्यासाठी मी तो ड्रॉवर रोज सोसला आणि कधी कुरकुरले नाही. तो पोरगा नव्हताच. तू विकलंस आम्हाला, एका शिट्टीला. जिन्याखाली माझ्यापुढे रडलास तेव्हा ती तुझ्या खिशातच असणार. गेल्या वर्षी माझा चहा पीत खिडकीबाहेर बघत होतास तेव्हाही तुला हेच आठवत होतं. आणि पडद्यावरची शिट्टी नवी नाही, ती चीर मी ओळखते. जपून ठेवली आहेस इतकी वर्षं. मला फार लागलंय हे. परीक्षणांनी लागलं नव्हतं इतकं.

आज सकाळी संपादकांकडे गेले आणि सांगून टाकलं. दोन तारे मी खाल्ले होते. भोंग्यानं साडेतीनच वाचलं होतं, स्वच्छ, खालच्या मजल्याला ऐकू जाईल असं. मी पेन्सिलीनं दीड केलं. अठरा वर्षांत कुणाचा एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. आणि मेमो त्याला मिळाला तेव्हा गप्प बसले, अगदी तुझ्यासारखी. संपादकांनी मला छोट्या जाहिरातींवर टाकलंय. भोंग्याला सांगायला गेले तर म्हणाला, “मला माहीत होतं, बाई. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होतो.”


शनिवार, २६ ऑक्टोबर

तुझा बुधवारचा फोन मी बाजूला उभी राहून ऐकला. माझं पत्र तुला अजून मिळालं नव्हतं, हे तुझ्या आवाजावरूनच कळत होतं. “आई, कसा वाटला सिनेमा?” आई म्हणाली, “शिट्टी छान होती,” आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर तू नऊ वेळा फोन केलास. आईनं उचलू दिला नाही.

तुझ्यासाठी एक कात्रण सोबत ठेवलंय. मी आता त्या पानावर नाही, पण भोंग्यानं मुद्दाम खर्डा आणून दिला. मुलांच्या पुरवणीत तेरा वर्षांची एक मुलगी सिनेमावर लिहिते. ती रसभंगबिसभंग काही पाळत नाही. लिहिते: “मांजर फार आवडलं. पण ती शिट्टी मला पटली नाही. एवढी मोठी मुलगी शिट्टीसाठी आईचं गुपित कशाला सांगेल? शिट्टी धाकट्याला हवी असणार. मला धाकटा भाऊ आहे. लेखकाचं इथे काहीतरी चुकलं आहे.”

साडेतीनपासून रेडिओवरच्या बाईंपर्यंत सगळ्यांना जे कळलं नाही, ते हिला कळलं. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पोरगी हुशार आहे. तिला खाऊ पाठव.”

काल संध्याकाळी तिच्या खोलीत औषध घेऊन गेले तर तिचा हात ड्रॉवरकडे गेला. सवयीनं. मग थांबली आणि ड्रॉवर पुरता बाहेर ओढून माझ्या मांडीवर ठेवला. “बघ,” म्हणाली. आत काय असेल सांग? त्या शिवणाच्या डब्यातली बटणं, दांडी मोडलेला चष्मा आणि लिंबाच्या गोळ्या. बस. एकतीस वर्षं मला बटणांपासून लांब ठेवलं होतं! मी हसायला लागले आणि मग मला रडू आवरेना. आईनं डोक्यावर हात ठेवला नाही की काही नाही. एक गोळी दिली आणि म्हणाली, “माझाही राग गेलेला नाही तुझ्यावरचा. आता कागद घे.”

पुढचं तिचं आहे. ती सांगते तसं लिहिते आहे, एक शब्द बदललेला नाही:

“पुढच्या रविवारी ये. शिट्टी घेऊन ये. सिनेमा कसा आहे ते मला विचारू नकोस, ते लोकांनी छापलं आहे. स्वयंपाकघरात उभा राहा. मी तुला तेच विचारणार आहे जे तेव्हा विचारलं होतं.”

कागदावरून मान वर करून मी म्हणाले, “मी चहा करून ठेवीन.”

“नको,” आई म्हणाली. “तू त्या रविवारी घरात थांबायचं नाहीस. तू असलीस की पुन्हा ‘मी’ म्हणशील.”

तर त्या रविवारी मी ऑफिसात आहे, माझी सुट्टी भोंग्याला दिली आहे. दार आईच उघडेल. हेरखातं आजपासून बंद.

ताई